घर विचारा : पाच मैत्रिणी, एक प्लॉट

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं एकत्र राहण्याबद्दलची निघाली. त्यातलं एक मोठं आहे आणि त्याला उत्तरही मोठं द्यावं लागणार, म्हणून ते आधी घेते. बाकीच्यांची थोडक्यात बोळवण केली असं वाटलं तर रागावू नका, पुन्हा लिहा.

आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. तिघी शाळेतून निवृत्त, एक बँकेतून, पाचवीचा शिवणक्लास अजून जोरात चालतो. दोघी एकट्या आहेत, तिघींचे यजमान आहेत. मुलं पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात. दर महिन्याच्या भिशीला आमचा विषय ठरलेला : सांगलीत वारणालीकडे पाच-सहा गुंठ्यांचा प्लॉट घ्यायचा आणि मिळून बांधायचं. माझी भाची आर्किटेक्चर शिकते. तिने जर्मनीत २०१७ साली झालेल्या एका प्रदर्शनाचं पुस्तक आणून दाखवलं. तिकडे लोक म्हणे अशी घरं ठरवून बांधतात, मोठं स्वयंपाकघर सगळ्यांत एकच. आमच्या घरात त्यावरून दोन पक्ष पडले. यजमान म्हणतात, "हा वाडाच की! वाड्यातून बाहेर पडायला आमच्या पिढीने हाडाची काडं केली." कोण बरोबर, आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?
— निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग

बाई, ते प्रदर्शन म्हणजे 'टुगेदर!'. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला खेटून वाइल अम राइन नावाचं जर्मन गाव आहे, तिथल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियममध्ये ते भरलं होतं. इल्का आणि आंद्रेआस रुबी या दोघांनी झुरिकच्या ईएम२एन या आर्किटेक्ट मंडळींना बरोबर घेऊन ते मांडलं. वेगवेगळ्या देशांतल्या सामूहिक घरांची एकवीस मोठी मॉडेलं अशी शेजारी-शेजारी ठेवली की त्यांच्या मधून चालताना एका गावातून चालल्यासारखं व्हावं. पण मला त्यातली शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. त्यांनी एक अख्खा फ्लॅट खऱ्या मापात उभा केला. आत शिरा, फिरा, दोन माणसं समोरासमोर आली तर कुणाला अंग चोरावं लागतं ते बघा. कागदावर कुठलंही घर छानच दिसतं. सव्वातीन फुटी पॅसेजमध्ये वॉकर घेऊन वळायची वेळ आली की मग कळतं.

तो फ्लॅट ज्या प्रकारचा होता त्याला तिकडे क्लस्टर फ्लॅट म्हणतात. प्रत्येक माणसाला किंवा जोडप्याला एखाद-दोन खोल्या, आतच स्वतःचं संडास-बाथरूम, चहा आणि वरणभाताची सोय होईल एवढा छोटा ओटा. स्वतःचं दार, स्वतःची कडी. आणि अशा पाच-सात घरट्यांच्या मधोमध मोठं स्वयंपाकघर, जेवायची जागा, बसायची जागा. झुरिकमध्ये हुन्झिकर आरेआल नावाची तेरा इमारतींची वसाहत २०१५ साली पुरी झाली. तिथे साधारण बाराशे माणसं राहतात आणि त्यातल्या काही मजल्यांवर असे क्लस्टर आहेत. बाकीचे साधेच फ्लॅट. म्हणजे ज्याला वाटून घ्यायचंय त्याने घ्यावं, सगळ्यांच्या गळ्यात बांधलेलं नाही.

आता यजमानांचा वाडा. गावभागातला कुठलाही जुना वाडा आठवा : सोपा प्रशस्त, चौक प्रशस्त, माजघरात पंगत बसेल एवढी जागा, आणि नव्या सुनेला दार लावून रडायला खोली नाही. न्हाणी एक, संडास परसात, सकाळी टमरेलं घेऊन रांग. सामायिक ते सगळं भरपूर, खासगी मात्र काहीच नाही. क्लस्टर फ्लॅट बरोबर याच्या उलट बाजूने सुरू होतो : आधी प्रत्येकाचं खासगी पुरं करायचं, मग उरलेलं एकत्र. शिवाय वाड्यातली माणसं जन्माने किंवा लग्नाने पदरात पडलेली असायची, तुम्ही पाचजणी एकमेकींना निवडून बसल्या आहात. तेव्हा यजमान वाड्याबद्दल बरोबर आहेत, तुमच्या बेताबद्दल नाहीत. (आणि त्यांना सहज विचारा, वाड्यातल्या चुलीपुढे त्यांनी स्वतः किती वेळ काढला होता.)

चुलीचा विषय निघालाच आहे तर त्याचं आधी बोलू. सामायिक स्वयंपाकघर मोडतं ते ओट्याच्या मापामुळे नाही, 'आज कोण करणार' यामुळे मोडतं. तुम्ही पाचहीजणी आयुष्यभर रांधून दमलेल्या बायका आहात. पाळ्या लावल्यात तर पहिले काही महिने हौस चालेल, मग कुणाच्या आमटीत मीठ जास्त, कुणाच्या पाळीला नेमका पाहुणा, कुणाचा गुडघा बरोबर मंगळवारीच दुखतो, अशी मोजदाद सुरू होईल. झुरिकमध्येच ट्रामच्या डेपोवर बांधलेली काल्कब्रायटे नावाची इमारत आहे, २०१४ सालची. तिथे पन्नासेक माणसांचं एक मोठं 'घर' आहे आणि त्यांनी स्वयंपाकी चक्क पगारावर ठेवलेत. तुम्हीही तेच करा. एक वेळचं जेवण, दुपारचं, एकत्र. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि त्यांच्या सुट्ट्या पहिल्या दिवसापासून मेंटेनन्समध्ये धरा. रात्रीची खिचडी ज्याची त्याच्या ओट्यावर.

डेन्मार्कमध्ये मात्र पाळ्या चालतात. कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन म्हणून सत्तावीस घरांची वसाहत आहे, १९७२ सालची, या साऱ्या प्रकारातली थोरली. मुलाला शंभर आईबाप असावेत, असं बोडिल ग्रो या बाईंनी १९६७ साली वर्तमानपत्रात लिहिलं, आणि ते वाचून जमलेली मंडळी ती. त्यांचं एक सामायिक घर आहे, तिथे एकत्र जेवणं होतात आणि पाळी पुरुषांचीही येते. तुमच्याकडच्या तिघा यजमानांची पाळी लावणार असाल तर मला कळवा, तेवढंच पत्र मी चौकटीत छापीन.

आता प्लॉटवर येऊ. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. पाच घरं, एक मोठं स्वयंपाकघर आणि एक जादा खोली तळमजला अधिक दोन मजल्यांत निवांत बसतात. जादा खोली विसरू नका. काल्कब्रायटेतही अशा सुट्या खोल्या आहेत, ज्याला गरज पडेल त्याने काही काळ भाड्याने घ्यायच्या. तुमच्याकडे ती बेंगळुरूच्या मुलाला दिवाळीत लागेल, कुणाचं ऑपरेशन झालं तर रात्री राहणाऱ्या बाईला लागेल. प्रत्येकीने आपल्या फ्लॅटात 'गेस्ट रूम' काढली तर पाच खोल्या वर्षभर गाद्या आणि जुन्या सुटकेसी सांभाळत बसतील.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो जिन्याच्या लँडिंगमध्ये. आपल्याकडच्या फ्लॅट स्कीममध्ये चार दारं एका अंधाऱ्या चौकोनात उघडतात, चारी दारांना जाळीचे सेफ्टी डोअर, मध्ये चपलांचे रॅक. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मग आपण म्हणतो, हल्ली शेजारधर्म राहिला नाही. अहो, उभं राहायला जागा तर द्या! तुमच्या आर्किटेक्टला सांगा : लँडिंग सहा फुटांहून कमी नको, त्याला खिडकी हवी, खिडकीखाली दोघींना बसता येईल असा कट्टा हवा. मी मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. एकमेकांना लागून दारं, पुढे एक लांब व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात तांदूळ निवडण्यापासून लग्नं जुळवण्यापर्यंत सगळं व्हायचं. क्वार्टर दोनच खोल्यांचं होतं, पण आम्हाला लहान वाटलं नाही ते त्या व्हरांड्यामुळे.

बाकी किरकोळ, पण लिहून ठेवा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावलं पाहिजे. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार ढकलता येत नाही. उंबरे नकोत. मोठ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसलं पाहिजे. आणि त्याला लागून नवऱ्यांना पेपर वाचत बसता येईल अशी जागा ठेवा, नाहीतर ते वरच्या मजल्यावर एकटे टीव्हीपुढे बसतील आणि 'आम्हाला कुणी विचारत नाही' म्हणतील.

राहिले पैसे आणि कागद, आणि इथेच परदेशातलं उचलून आणता येत नाही. झुरिकच्या त्या वसाहती सहकारी संस्थांच्या आहेत. सभासद भागभांडवल भरतो आणि खर्चापुरतं भाडं देतो, सोडून गेला की भांडवल परत मिळतं. घर त्याचं नसतं, त्यामुळे ते बाजारात चढ्या भावाने विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही ठिकाणी जमीनही शहराची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली. २०११ साली तिथल्या मतदारांनी कौलच दिला की २०५० पर्यंत शहरातल्या भाड्याच्या घरांपैकी एकतृतीयांश अशी नफा न घेणाऱ्या संस्थांची असावीत. सहकार आपल्यालाही नवा नाही, मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ पासून आहे. फक्त आपल्या सोसायट्या बहुतेक वेळा इमारत उभी राहिल्यावर नोंदवल्या जातात आणि सभेत भांडण असतं ते पार्किंगचं. जिना केवढा असावा, हे ठरवायच्या वेळी सोसायटी जन्मालाच आलेली नसते. तुम्ही क्रम उलटा करताय, हेच तुमचं भांडवल आहे.

महाराष्ट्रात तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण संस्था. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले निदान पाच सभासद लागतात, म्हणजे तुम्ही काठावर पास आहात. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आणि राहण्याचा हक्क. दुसरी, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र. त्यात फ्लॅट प्रत्येकीच्या स्वतःच्या मालकीचा, आणि जमिनीत व सामायिक जागेत ठरलेला टक्का. सांगलीत लहान इमारतींना दुसरी वाट सोपी पडते म्हणून बहुतेक वकील तीच सुचवतात. तुमच्यासाठी मला पहिली बरी वाटते, कारण नवा माणूस येताना निदान चौघींच्या टेबलावर कागद येतो. संस्थेला उगाच कुणाला नाकारता येत नाही, पण समोर बसून बोलता येतं.

खरा प्रश्न तुम्ही पत्रात टाळलाय : तुमच्यानंतर काय? बेंगळुरूचा मुलगा येईल, कुलूप लावील आणि एजंटाला किल्ली देईल. तेव्हा आत्ताच, सगळ्यांची मुलं व्हिडिओ कॉलवर बसवून ठरवा की घर विकायचं झालं तर आधी उरलेल्या मैत्रिणींना विचारायचं, किंमत कशी काढायची, पैसे द्यायला मुदत किती. वकिलाकडून लिहून घ्या, इच्छापत्रातही त्याचा उल्लेख करा. हे बोलायला जड जातं. पण जी मैत्री हे बोलू शकत नाही तिच्या भरवशावर पाया खणू नये.

सुरुवात कुठून, तर प्लॉट बघण्यापासून नको. पुढच्या भिशीला पाचजणींनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकींचं न बघता, मी काय काय वाटून घेणार नाही, ते लिहा. देव, फ्रीज, वॉशिंग मशीन, मांसाहार, नातवंडांचा गोंगाट, काहीही. मग कागद एकत्र वाचा. दुसरं, तुम्ही शाळेतल्या बाई, फक्की तुम्हाला नवी नाही. भाचीने काढलेला नकाशा एखाद्या मैदानावर फक्कीने खऱ्या मापात आखा, खुर्च्या-टेबलं मांडा आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्यात वावरून बघा. व्हिट्राच्या लोकांना जे म्युझियमभर उभं करावं लागलं ते तुमचं फक्कीत होईल.

गावभागातला आमचा वाडा पडायला आलाय. सात हिस्सेदार, बिल्डर प्रत्येकाला टू-बीएचके द्यायला तयार आहे. वडिलांची इच्छा, चौक राहावा. बिल्डर म्हणतो चौक परवडत नाही, त्याऐवजी गच्चीवर 'सिटआउट' देतो.
— एक हिस्सेदार, सांगली

बिल्डरला विचारा, चौकाने त्याचं नेमकं काय जातं. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण, मोजतात तो बांधलेल्या जागेचा, आभाळाकडे उघड्या चौकाचा नाही. जातो तो त्याचा नेहमीचा नकाशा, जो त्याला आणखी एकदा वापरायचा असतो. सगळे फ्लॅट चिकटवून मध्ये अंधारी डक्ट सोडायची, तिच्यात सगळ्यांचे संडासाचे पाइप, हे त्याला सोपं जातं.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला ऐंशीच्या दशकात जी घरं बांधली, त्यात सात-सात घरं एका लहान चौकाभोवती बसवली होती. चौक जेमतेम आठ मीटर बाय आठ मीटर, म्हणजे सव्वीस फूट. तुम्हीही सातच आहात. त्यांच्याकडे जागा मोकळी होती, तुमच्याकडे गावठाणातली चिंचोळी, त्यामुळे सव्वीस फूट मिळणार नाहीत. पंधरा मिळाले तरी घ्या आणि जिना त्या चौकातूनच वर न्या, म्हणजे येता-जाता त्यात पाऊल पडेल. पार्किंग मात्र चौकात येऊ देऊ नका. एकदा एक स्कूटर लागली की चौक संपला. गच्चीवरच्या सिटआउटला नाही म्हणा. संध्याकाळी तिथे कोण जातं?

वडिलांचा कडीपाट आणि खांब विकायच्या आधी मोजून घ्या. जुनं सागवान नव्या जिन्याला आणि दारांना कामी येतं, आणि भंगारवाला जो भाव सांगतो तो ऐकून घाई करू नका.

शामरावनगरजवळ आमची बारा फ्लॅटची सोसायटी. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत तळमजल्याच्या तिघांचं घर धुऊन निघालं. आता ते मेंटेनन्स देत नाहीत. म्हणतात, तुम्ही वरचे कोरडे, तुम्हीच भरा. काय करावं?
— सेक्रेटरी

मेंटेनन्स थांबवता येत नाही, हे त्यांना सांगाच. पण नुसतं तेवढं सांगून परत येऊ नका, कारण त्यांच्या रागात तथ्य आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, २०१९ ला कृष्णा ५७ फुटांवर गेली. तळमजला बुडणार हे गृहीत धरून इमारतीचा खर्च बाराजणांनी वाटायला हवा, कारण तीन घरं बुडाली की बाराजणांची मोटर, मीटर आणि टाकी बुडते.

कामं ही : विजेचे मीटर आणि मेन बोर्ड पहिल्या मजल्याच्या उंचीवर न्या. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसणारं करा आणि पूर ओसरल्यावर उपसून, धुऊन, क्लोरीन टाकल्याशिवाय मोटर चालू करू नका. ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या लाइनला एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. पाणी दारातून यायच्या आधी संडासातून वर येतं, हे तळमजलेवाले तुम्हाला सांगतील. आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, रीतसर परवानगी काढून एक बंद खोली आणि एक संडास बांधा. किल्ल्या तळमजल्याच्या तिघांकडे. इशाऱ्याची पातळी ओलांडली की गाद्या, कागदपत्रं, गहू-तांदूळ, मिक्सर सगळं तिथे, आणि ते वर न्यायला वरच्या नऊ घरांतून एकेक माणूस खाली यायचा. हा ठराव सर्वसाधारण सभेत नावानिशी मांडा. मेंटेनन्स त्याच सभेत वसूल होईल असं मी म्हणत नाही, पण बोलणं सुरू होईल.

आमच्या सोसायटीचा हॉल वर्षभर कुलूपबंद. चेअरमन म्हणतात, उघडला की घाण होते.
— मिरज

होऊ द्या. झाडणाऱ्याचा पगार ठरवा आणि किल्ली शाळकरी मुलांच्या हाती द्या. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका म्हणून सुरू करा, त्याला चेअरमनना नाही म्हणता येणार नाही.

मी डिप्लोमाला आहे. सामूहिक घरांवर प्रोजेक्ट करायचाय. मॅडम म्हणतात, परदेशातली उदाहरणं नेटवरून घे. आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही का?
— विद्यार्थी, विटा

तू विट्यात बसून हे विचारतोयस! पलूसला जा, तिथून किर्लोस्करवाडी जवळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखान्याबरोबर गाव वसवलं. कामगारांची घरं, रस्ते, झाडं, शाळा यांची मांडणी बघ, पण हेही लिही की तिथे घर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं, सहकारी घराचं तसं नाही. दुसरं, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, तेही औंध संस्थानचंच. शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह, शेती करत राहतात. तिथे जायला तुरुंग खात्याची परवानगी लागते, कॉलेजचं पत्र घेऊन आधी अर्ज कर.

पैसे जमले तर इंदूरची 'अरण्य' नावाची वसाहत. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट पाडले, गरिबांच्या प्लॉटवर जोतं, संडास आणि पाण्याची सोय दिली आणि वरचं घर माणसांनी आपापल्या ऐपतीने चढवलं. १९९५ साली त्याला आगाखान पुरस्कार मिळाला. आणि मुंबईला गेलास तर बीडीडी चाळी, जेवढ्या उरल्यात तेवढ्या : १६० चौरस फुटांची खोली, मध्ये सामायिक पॅसेज, संडासही सामायिक. त्या पाडून उंच टॉवर होतायत, तेव्हा आधी त्या बघ, अरण्य कुठे जात नाही.

फोटो कमी काढ, टेप जास्त लाव. पॅसेज किती फूट, कट्टा किती उंच, दारातून चौक दिसतो की नाही. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचार, ही सामायिक जागा झाडतं कोण आणि त्याचे पैसे कोण देतं. तुझ्या मॅडमनी हा प्रश्न नेटवरच्या उदाहरणांनाही विचारायला लावला, तर प्रोजेक्टला माझ्याकडून दोन मार्क जास्त.